जास्वंदीने अडवलेली बोट

देव आहे की नाही या वादात मी कधी पडलो नाही. असला तर त्याचं त्याने बघावं, माझं मी बघतो, असा माझा सरळ व्यवहार होता. जहाजाच्या इंजिन रूममध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचं असंच होतं. तिथे काही बिघडलं तर आरती म्हणून भागत नाही, पाना उचलावा लागतो. माझी बायको मंगल मात्र गणपतीची पूजा झाल्याशिवाय चहालाही शिवत नसे. मी समुद्रावर असलो की आधी मुंबईत आणि नंतर सिंगापूरला, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये, ती देवापुढे दिवा लावून बसायची, आणि मी धडधाकट परत आलो की सगळं श्रेय त्या वीतभर पितळी मूर्तीला जायचं. "जहाज चालवतो मी आणि मोदक खातो तो," असं मी चिडवायचो. ती हसून म्हणायची, "खाऊ दे. तुम्हाला नाहीतरी साखर वर्ज्य आहे."

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या मधली. तेव्हा मी पन्नाशीही गाठली नव्हती, आणि एका सकाळी बस स्टॉपवर उभा असताना मला पहिला हार्ट अटॅक आला. त्यातून मी बरा झालो, पण कंपनीच्या डॉक्टरने मला समुद्रावर जायला अयोग्य ठरवलं. त्यानंतर एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात मला टेबल-खुर्ची मिळाली. खिडकीतून इतरांची जहाजं बघायची आणि कागदांवर सह्या करायच्या. संध्याकाळी घरी आलो की मी बाल्कनीत बसून राही. जेवण झालं का, औषध घेतलं का, असं कुणी विचारलं तरी अंगावर जाई. मला स्वतःची कीव येई, आणि कीव आली की राग येई. मेलो नाही हे खरं, पण जगतोय असंही वाटत नव्हतं.

यार्डात ताय नावाचे एक वयस्कर चिनी गृहस्थ रंगकामाचे काँट्रॅक्टर होते. त्यांची एक जुनी लाकडी बोट पासिर रिसच्या पलीकडे, पुलाउ उबीन बेटासमोरच्या सामुद्रधुनीत नांगरलेली असे. दोन माणसं झोपतील एवढी केबिन, एक बर्नरचा स्टोव्ह आणि जुनं पण इमानी डिझेल इंजिन. गुडघे दुखतात म्हणून ताय आताशा तिच्यावर फारसे जात नसत. एकदा जेवताना ते आपल्या सिंगापुरी इंग्रजीत सहज म्हणाले, "यू टेक लाह. बोट न चालवली तर कुजते." ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. बोट न चालवली तर कुजते. मी त्याच आठवड्यात नकाशे आणले. मलेशियातल्या जोहोरच्या पूर्व किनाऱ्याने वर जायचं, वाटेत नद्यांच्या मुखांशी मुक्काम करायचा, मेर्सिंग गाठायचं, तिथून तिओमान बेट, आणि त्याच वाटेने परत. मी आणि मंगल, दोघंच. डॉक्टरांनी हलका व्यायाम करा म्हटलं होतं. बोट चालवू नका असं ते म्हणाले नव्हते, कारण मी विचारलंच नव्हतं.

आमची मुलगी ऋता तेव्हा पॉलिटेक्निकला होती. ती ऐकूनच तडकली. "पप्पा, यू सिरियस? डोन्ट बी सो स्टबर्न लाह!" मंगलने मात्र वाद घातला नाही. तिने दोन दिवस विचार केला आणि दोन अटी घातल्या. औषधाची पिशवी तिच्या ताब्यात राहील, आणि गणपती आमच्याबरोबर येईल. मला वाटलं होतं त्यापेक्षा स्वस्तात सुटका झाली. पुढे कळलं की तिलाही माझी बाल्कनीतली पाठ बघवत नव्हती. हा माणूस पाण्यावर मेला तरी चालेल पण असा खुर्चीत संपायला नको, असं तिने मनाशी ठरवलं होतं. हे तिने मला फार नंतर सांगितलं.

समुद्र निवळला तसे आम्ही निघालो. केबिनच्या कोपऱ्यात गणपती, पुढ्यात समई, आणि दाराशी दोरीने बांधलेली दूर्वांची कुंडी. निरोप द्यायला आलेल्या तायना मी म्हटलं, बघा, जगातली ही पहिली बोट जिच्यावर बाग आहे. उबीनची हिरवी टेकडी मागे पडली, समुद्रात खांब रोवून उभी केलेली मासेमारीची घरं मागे पडली, आणि सामुद्रधुनीचं तोंड ओलांडून आम्ही उघड्या पाण्यात आलो तेव्हा बऱ्याच महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला. मी कुणालाच कशाला हात लावू देत नव्हतो. सुकाणू मीच धरी, नांगर मीच ओढी, तेल-पाणी मीच बघी. मंगलकडे दोनच कामं होती, चहा करायचा आणि बोटीच्या मागच्या पाइपातून पाणी पडतंय ना ते अधूनमधून बघायचं. इंजिन थंड ठेवायला बोट खालून समुद्राचं पाणी आत घेते आणि मागून टाकते. ते पडायचं थांबलं की समजावं, इंजिन तापणार. ती हे काम इतक्या निष्ठेने करी की मी तिला 'पाणीवाली बाई' म्हणू लागलो होतो.

पहिल्या मुक्कामालाच तिला एक शोध लागला. मलेशियात घराघरापुढे जास्वंद असते, त्यांचं ते राष्ट्रीय फूलच आहे. लालभडक, टपोरी जास्वंद, आणि ती गणपतीची आवडती. किनाऱ्यावर उतरलो की ती कुणाच्या तरी अंगणापुढे उभी राही, हाताने फुलाकडे आणि मग आभाळाकडे खूण करी, आणि ओंजळभर फुलं घेऊन परत येई. एका बाईंनी तर तिला फांदीच तोडून दिली. त्यामुळे आमच्या गणपतीची चैन होती. प्रश्न उभा राहिला तो निर्माल्याचा. सिंगापूरमध्ये ती निर्माल्य कुंडीतल्या मातीत जिरवत असे, कारण पाण्यात काही टाकलं की दंड. बोटीवर आल्यावर तिला वाटलं, आता काय, चहूकडे पाणीच आहे. पण तिओमानच्या पाण्यात प्रवाळ होतं, तिथे काही टाकू नका अशी पाटी होती, आणि मेर्सिंगच्या बंदरात डिझेलचा तवंग. तिचं म्हणणं, निर्माल्य वाहत्या, स्वच्छ पाण्यात सोडायचं असतं, गटारात नाही. म्हणून ती रोजची फुलं आणि दूर्वा एका कापडी पिशवीत साठवत गेली. परतीच्या वाटेला लागलो तोवर ती पिशवी उशीएवढी झाली होती. मी म्हटलं, "सामान वाढलं तर गणपतीला उतरवावं लागेल." तिने पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

परतीचा शेवटचा मुक्काम सेडिली नदीत होता. नदी रुंद, काठाने खारफुटी, आतल्या वळणावर कोळ्यांचं गाव. तिथून पुढे सिंगापूरपर्यंत एकच लांब टप्पा उरला होता. नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे, तो भरतीच्या पाण्यातच ओलांडता येतो, म्हणून सकाळी वेळेवर निघणं भाग होतं. मी उठलो तेव्हाच डावा हात जड वाटत होता. आदल्या दिवशी नांगर ओढला त्याचा परिणाम असेल असं म्हणून मी तो झटकला. इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं. तेवढ्यात मंगलची पूजा आटोपली. नदीचं पाणी भरतीने तुडुंब, स्वच्छ, समुद्राच्या ओढीने हलणारं. तिला हवं तसं. तिने बोटीच्या कडेला बसून, डोळे मिटून, ती सगळी पिशवी पाण्यात रिकामी केली. आणि नेमकी त्या बाजूला, जिथून इंजिन पाणी आत ओढतं.

आम्ही मुखाजवळ पोहोचलो, समोर समुद्राची मोकळी रेघ दिसू लागली, आणि मागच्या पाइपाचा आवाज बदलला. कोरडा, खरखरीत. मंगल मागून म्हणाली, "अहो, पाणी पडत नाहीये." पाठोपाठ गजर वाजला. मी इंजिन बंद केलं आणि धावत जाऊन नांगर टाकला. बोट नांगराच्या दोरीवर वळून उभी राहिली. मी तळाची फळी उचलली, वाकून पाहिलं. समुद्राचं पाणी जिच्यातून इंजिनात जातं त्या गाळणीच्या काचेतून लालभडक लगदा दिसत होता. जास्वंद चुरगळली की तिचा कसा चिकट बुळबुळीत चोथा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात दूर्वांच्या काड्या अडकून अशी काही घट्ट गुठळी झाली होती की थेंबभर पाणी जाणार नाही. भरतीची वेळ हातची जात होती, आणि मला इतका संताप आला की मी तोंडाला येईल ते बोललो. "इतकी वर्षं समुद्रावर काढली, एकदाही इंजिन अडलं नाही. तुझ्या देवाने अडवून दाखवलं. हाच का तो विघ्नहर्ता?"

तिने एवढंच म्हटलं, "त्याला विघ्नकर्ताही म्हणतात." मग स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं. इंजिन थंड होईपर्यंत हात लावता येत नव्हता, म्हणून मी केबिनच्या भिंतीला टेकून बसलो. आणि अर्ध्या-पाऊण तासाने बसल्या बसल्या छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. बस स्टॉपवर भेटलेलंच, पण या वेळी त्याला घाई होती. दंड, जबडा, पाठ, सगळं एकदम. मला हाक मारायची होती. कुणाला मारावी हे सुचेना, म्हणून मी तिलाच हाक मारली.

तिने काय केलं ते मी पडल्या पडल्या पाहत होतो. जिभेखालची गोळी दिली. उशा रचून मला अर्धवट बसतं केलं, शर्टाची बटणं सोडली. वायरलेसचा माइक हातात घेऊन मदत मागितली, पण त्या जुन्या यंत्राला खरखरीखेरीज काही येत नव्हतं. गाव नदीच्या वळणामागे होतं, तिथून आम्ही कुणाला दिसत नव्हतो. मासेमारीच्या होड्या पहाटेच बाहेर गेलेल्या. मग तिने पदर खोचला आणि ती इंजिनच्या खड्ड्यात उतरली. मी सांगू लागलो, आधी तळाचा कॉक बंद कर, नाहीतर बोटीत पाणी भरेल. तिने कॉक बंद केला. गाळणीचं झाकण फिरेना, तेव्हा फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवलं. मी पुन्हा काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तशी ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही आता बोलू नका. फक्त श्वास घ्या." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या समोर एक इंजिन उघडं होतं आणि माझे हात मांडीवर पडून होते. त्या वेदनेतही मला त्याचं वाईट वाटलं, हे लिहिताना हसू येतं.

तिने सगळा लगदा ओरबाडून काढला, कोपरापर्यंत लाल हात वर आले. कॉक उघडला, इंजिन सुरू केलं. सुरू झालं, पण मागून पाणी पडेना. मला कळलं. पाणी खेचणारा रबरी पंखा कोरडा फिरून जळला होता. मी मान हलवली. तिने इंजिन बंद केलं. ओहोटी लागली होती, नांगराची दोरी समुद्राच्या दिशेने ताणली जात होती. तेव्हा मला भीती वाटली. मरणाची तर वाटलीच, पण तिची जास्त. या बंद बोटीवर, परक्या मुलुखात, आपण हिला एकटी टाकून जाणार, हा विचार मला छातीतल्या कळेपेक्षाही असह्य होत होता.

आणि ढोल ऐकू आले. मलय लोकांत लग्नाला डफासारखं एक चामड्याचं वाद्य वाजवतात, त्याचा तो आवाज. शाळांच्या सुट्ट्या चालू होत्या, म्हणजे त्यांच्या लग्नांचे दिवस. पलीकडच्या काठावरून नवरदेवाची वरात दोन मोठ्या होड्यांतून या काठाला निघाली होती. रंगीत कागदी तुरे, जरीचे कपडे, पुढच्या होडीत दहा-बारा वाजवणारे. मंगलने हात हलवले. त्यांनीही हलवले. ती ओरडली, "तोलोंग! तोलोंग!" मदत करा, एवढा एक मलय शब्द तिला बाजारात येऊन जाऊन ठाऊक झाला होता. ढोलांच्या गजरात तो कुठे ऐकू जातो? तेव्हा ती केबिनमध्ये धावली आणि आरतीची झांज घेऊन आली. पितळी झांज, पाण्यावर आवाज लांब जातो. ती जीव खाऊन वाजवू लागली.

झालं भलतंच. त्यांना वाटलं, परदेशी पाहुणी वरातीचं स्वागत करतेय. सगळे खूश झाले. ढोलवाल्यांनी ताल चढवला, बायकांनी रुमाल फडकवले, आणि होड्या तशाच पुढे निघाल्या. मंगल वाजवत राहिली. तिचे हात थरथरत होते, ठोके चुकत होते, मध्येच एक झांज निसटून फळीवर पडली, ती तिने उचलली आणि पुन्हा वाजवू लागली. तोंडाने ती आता तोलोंग म्हणत नव्हती. आरती म्हणत होती. सूर नव्हता, श्वास पुरत नव्हता, पण एक ओळ सोडली नाही. मी तिचं ते तोंड पाहिलं. त्यात विनवणी नव्हती. मी थांबणार नाही, मग तू ये किंवा न ये, असं काहीतरी त्यात होतं. आणि पुढची होडी वळली.

होडी बाजूला लागली तशी वाजवणं थांबलं. लग्नाच्या कपड्यांतली एक जाडसर बाई होडीच्या काठावरून आमच्या बोटीवर आली, चपला न काढता, आणि थेट माझ्याजवळ बसून तिने मनगट धरलं. ती नवरदेवाची आत्या, आणि सरकारी दवाखान्यातली नर्स. सगळे तिला मिसी म्हणत होते, तिकडे नर्सला तसंच म्हणतात. "अंकल, डोन्ट टॉक. लुक अ‍ॅट मी," ती म्हणाली. मंगलची औषधाची पिशवी उलटी करून तिने हवी ती गोळी शोधली आणि मला चावायला लावली. आमची बोट दुसऱ्या होडीला बांधून ओढत नेली. धक्क्यावर एकच मोटार उभी होती, फुलांनी आणि रिबिनींनी सजवलेली, नवरदेवाला मुलीच्या घरी न्यायला आलेली. मिसी त्याच्याशी काहीतरी बोलली. तो पोरगा, डोक्याला जरीचा फेटा, कमरेला खंजीर, मला बघून म्हणाला, "अंकल गो फर्स्ट. आय कॅन वेट." मी वरातीच्या गाडीतून हॉस्पिटलला गेलो. नवरदेव मासळीच्या लॉरीत बसून लग्नाला गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. जवळच्या गावच्या हॉस्पिटलात त्यांनी मला सावरलं, मग सिंगापूरला आणलं आणि माझी बायपास झाली. शुद्धीवर आलो तेव्हा ऋता शेजारी बसली होती. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "नेक्स्ट टाइम लिसन टू मम्मी, कॅन?" मी मान हलवली. सर्जनना मी एकच प्रश्न विचारला, त्या सकाळी बोट अडली नसती, मी चिडलो नसतो, तर अटॅक टळला असता का? ते म्हणाले, ती रक्तवाहिनी त्या दिवशी बंद होणारच होती, तुम्ही कुठे असता एवढाच प्रश्न होता. मी मंगलला हे सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हते का. तिने नुसतं संत्रं सोलून माझ्या हातात ठेवलं.

बोट तिकडे सेडिलीच्या धक्क्याला होती, आणि गणपतीही. गडबडीत मंगलने फक्त औषधं आणि पासपोर्ट उचलले होते. ताय म्हणाले, मी माणूस पाठवून बोट आणतो, काळजी करू नका. मी लगेच हो म्हणालो असतो. खरं सांगायचं तर माझी बोटीवरची हौस फिटली होती. पण मंगलने तायना सांगितलं, "आम्ही नेली, आम्हीच आणायची. मला शिकवा." मी बरा होत होतो तेवढे महिने ती दर रविवारी एमआरटीची ट्रेन आणि बस बदलून तायकडे जायची आणि उबीनसमोरच्या पाण्यात त्यांच्या मित्राची होडी चालवायला शिकायची. सुकाणू, नांगर, नकाशा, रबरी पंखा बदलणं, सगळं. घरी आली की हाताला डिझेलचा वास. ताय मला म्हणायचे, "युअर वाइफ बेटर दॅन यू. शी आस्क्स क्वेश्चन." डॉक्टरांची परवानगी या वेळी रीतसर विचारून घेतली, तीही तिनेच. प्रवासी म्हणून जायला हरकत नाही, कशालाही हात लावायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ईशान्येचे वारे सुरू व्हायच्या आत आम्ही सेडिलीला रस्त्याने गेलो. मिसीच्या घरी नवीन जोडपंही आलं होतं. नव्या नवरीने भात आणि माशांचं कालवण वाढलं. मंगल शाकाहारी, तिच्यासाठी खास कोबीची भाजी केली होती. बोट लख्ख पुसून ठेवलेली. गणपतीला कुणी हलवलं नव्हतं, फक्त वर एक स्वच्छ रुमाल घातला होता. आणि दूर्वांची कुंडी हिरवीगार, कारण मिसीच्या आईला वाटलं, पेशंटच्या बोटीवर आहे म्हणजे औषधी असणार, म्हणून ती म्हातारी रोज पाणी घालत होती. ढोलवाल्यांचे म्होरके तिथेच बसले होते. होडी का वळवलीत, असं मी त्यांना विचारलं. मिसीने त्यांचं उत्तर मला सांगितलं, आणि सांगताना सगळं घर हसलं. त्यांचं म्हणणं, ती बाई ताल फार वाईट चुकत होती. सगळ्या वाजवणाऱ्यांचे हात बिघडायला लागले. कोण आहे ते बघावं आणि गप्प करावं, म्हणून त्यांनी होडी वळवायला सांगितली. मंगलही हसली, आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. तिचा हात थरथरला नसता, ताल बरोबर पडला असता, तर ती वरात आमच्यावरून आनंदाने निघून गेली असती. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्याचा अर्थ लावायचं मी आता सोडून दिलं आहे.

दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही निघालो. मंगल सुकाणूवर, मी पुढे गादी टाकून बसलेला. वाळूचा पट्टा जवळ आला तेव्हा सवयीने माझी जीभ वळवळली, थोडं डावीकडे घे, वेग कमी कर. मी ओठ मिटून बसलो. तिने बोट माझ्याहून हळू आणि माझ्याहून नीट काढली. मग उघडा समुद्र. त्या किनाऱ्यालगत उथळ जागा असल्याने बोट बरीच आत समुद्रात न्यावी लागते, आणि पाऊण-एक तासात किनारा म्हणजे मागे एक पुसट रेघ उरते. मी घड्याळ पाहिलं नाही, तरी मला कळलं. त्या दिवशी बोट मुखाशी अडली नसती तर दुखणं मला इथे गाठणार होतं. मी चारी बाजूंना पाहिलं. एक होडी नाही, जहाज नाही, पक्षीसुद्धा नाही. नुसतं पाणी, ऊन, आणि सुकाणूवर उभी असलेली माझी बायको.

मी तिला म्हटलं, "इंजिन जरा बंद करतेस?" तिचा चेहरा उतरला. "काय झालं? दुखतंय का?" मी नाही म्हटलं. तिने इंजिन बंद केलं आणि सगळीकडे शांत झालं. लाटा फळ्यांवर हलकेच आपटत होत्या. माझे हात आपोआप जुळले. ते कुणापुढे जुळले हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही, आजही विचारत नाही. विघ्न दूर करणाऱ्याला सगळेच नमस्कार करतात. मला विघ्न आणणाऱ्याला करायचा होता. ज्याने मला अडवलं, ज्याने माझ्या हातातून पाना काढून घेतला, ज्याने एका बाईचा ताल चुकवला, त्याला. मी किती वेळ तसा होतो ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मंगल केबिनच्या दाराला टेकून उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "निघू या?"

"तू म्हणशील तेव्हा," मी म्हणालो.